लातूरच्या हवेला साजेसा प्रॉप

मोठं रेडिओ-कंट्रोल विमान बांधायला घेतलेल्या लातूर-नांदेडकडच्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. इंजिनाच्या खोक्यात जो कागद येतो, त्यावर कोणकोणते प्रॉप, म्हणजे प्रोपेलर, चालतील याची यादी असते. ती वाचा, जपूनही ठेवा. पण तिच्यातलं पहिलं माप डोळे झाकून मागवू नका. ती यादी करणाऱ्याने लातूरची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही.

मोठं म्हणजे किती मोठं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एकपंखी विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ८० इंच, म्हणजे दोन मीटर भरले की जगभर त्याला मोठ्यांत धरतात. आपल्याकडे ही विमानं साधारण दोन वाटांनी येतात. एक वाट कॉलेजची. लातूरचं बिडवे कॉलेज असो की नांदेडच्या विष्णुपुरीचं गुरु गोविंदसिंगजी इन्स्टिट्यूट, मेकॅनिकलच्या वर्गात एखादं तरी विमानवेडं पोरगं असतंच. दुसरी वाट चाळिशी-पन्नाशीतल्या हौशींची. कधीकाळी एनसीसीच्या हवाई शाखेत बाल्सा लाकडाचं विमान पाहिलेलं असतं, आता लेकरं मार्गी लागलेली असतात आणि हात शिवशिवत असतात. दोघांचीही एक सवय सारखी. इंजिन किंवा मोटर घेताना महिनाभर चौकशी करतात आणि प्रॉप मात्र शेवटी, उरलेल्या पैशात, कुरिअरच्या त्याच खोक्यात बसेल तो मागवतात. पण इंजिनाची सगळी ताकद हवेपर्यंत पोचते ती त्या दोन पात्यांतूनच.

“५५ सीसीला कोणता प्रॉप लावू?” हा प्रश्न मला सतत येतो. मी उलट विचारतो, “विमान कोणतं आणि त्याने काय करावं असं तुमच्या मनात आहे?” बऱ्याच जणांना ही टाळाटाळ वाटते. पण २२×८ आणि २२×१० यांत फरक कसला, हे कळलं की प्रश्न उलटा का विचारला तेही कळतं.

पहिला आकडा व्यास, इंचांत. दुसरा पिच, तोही इंचांत. प्रॉप एखाद्या घट्ट पदार्थात रुतत गेला असता, तर एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकला असता, ते पिच. व्यास मोठा आणि पिच कमी असला, तर विमान जागेवरून जोरात सुटतं, चढ चांगला घेतं, पण वरचा वेग लवकर संपतो. पिच वाढवलं की वेग वाढतो आणि सुटताना विमान रेंगाळतं. ट्रॅक्टर नांगरताना खालच्या गिअरला लागतो आणि औशाच्या रस्त्यावर वरच्या गिअरला, तसंच हे. पायपर कबसारखं रुंद पंखांचं, संथ, हवेला अडणारं विमान असेल तर ३० सीसीच्या इंजिनाला १९×८ बरा. तेच इंजिन निमुळत्या, पळणाऱ्या विमानात असेल तर १८×१० कडे जा. ५५ सीसीत हीच निवड २३×८ आणि २२×१० यांच्यात येते. उभं टांगून ठेवायचे, गरगर फिरवायचे खेळ करणाऱ्यांनी मोठा व्यास आणि कमी पिच यावरच राहावं.

व्यासाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. एक इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण तेवढ्याच फेऱ्यांवर फिरवायचा तर २२ चा २३ केला की इंजिनाला २० ते २५ टक्के जास्त ताकद लागते. पिच ८ चं १० केलं तरी भार साधारण तेवढाच वाढतो. म्हणून २२×१० काढून २३×८ लावला तर इंजिनाला फरक फारसा जाणवत नाही, विमानाला मात्र खूप जाणवतो. हा एवढा एक अदलाबदलीचा हिशेब पाठ केलात तरी निम्मं काम झालं.

वेगाचा अंदाज कागदावर काढता येतो. पिचच्या इंचांना मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि ६५६ ने भागा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. ८ पिच आणि ७,००० फेरे असतील तर ८५ किलोमीटर. १० पिच आणि तेवढेच फेरे असतील तर १०७. विमान प्रत्यक्षात एवढं पळेलच असं नाही, पण प्रॉप त्याला कुठवर ओढू शकेल याची ही साधारण वेस. आता हा आकडा तुमच्या विमानाच्या स्टॉलच्या वेगाशी ताडून बघा. विमान ताशी ४० किलोमीटरला खाली बसत असेल, तर प्रॉपचा वेग त्याच्या किमान दुप्पट, शक्य तर अडीचपट हवा. म्हणजे ८५ चा प्रॉप चालतो, १०० चा सुखाचा. त्याच विमानाला ५ पिचचा प्रॉप लावलात तर जमिनीवर तो मारक्या बैलासारखा ओढेल आणि वळणावर, वारा समोर असताना, नेमकी गरज असेल तेव्हा दम सोडेल.

इथपर्यंतचं सगळं कोणत्याही गावाला लागू आहे. आता लातूर.

लातूर जिल्हा बालाघाटच्या पठारावर बसला आहे. समुद्रसपाटीपासून ५४० ते ६३८ मीटर. डोळ्यांना हे पठार आहे हे जाणवतही नाही, पण प्रॉपला जाणवतं. कारखान्यांचे आकडे ज्या प्रमाण हवेवर बेततात ती समुद्रकाठची, १५ अंश सेल्सिअसची. तिची घनता घनमीटरला १.२२५ किलो. आपण ६०० मीटरवर, मे महिन्यात, पारा ४० ला टेकलेला असताना उडवतो. हिशेब केला तर घनता १.०५ च्या आसपास येते. हवा १४ टक्के विरळ. त्याच शिवारात डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना घनता १.१५ पर्यंत चढते. म्हणजे एकाच माळावर, एकाच विमानाला, दोन ऋतूंत दहा टक्क्यांच्या आसपास वेगळी हवा मिळते.

राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकला उड्डाण केलं, तेव्हा समुद्रकाठची गोठायला आलेली थंडी होती. त्या दिवशीची हवा आपल्या मेच्या हवेपेक्षा सव्वापटीच्या जवळपास दाट होती. त्या बंधूंचं मोठेपण यात कमी होत नाही. प्रॉप म्हणजे फिरणारा पंखच, हे ओळखून त्यांनी साडेआठ फुटांचे लाकडी प्रॉप स्वतः तासले आणि पाऊण हिश्श्याहून जास्त ताकद हवेला पोचवली. जहाजांच्या प्रॉपचं शास्त्र त्यांनी आधी शोधून पाहिलं होतं, त्यातून त्यांना काही मिळालं नाही. पण लातूरला मेमध्ये ते यंत्र उडालं असतं का, याची मला शंका आहे.

पेट्रोल इंजिनवाल्यांची यात एक फसगत होते. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद कमी होते, कारण सिलिंडरमध्ये हवाच कमी शिरते. पण विरळ हवेत प्रॉप फिरवायलाही तितकीच कमी ताकद लागते. दोन्ही बाजू सारख्याच हलक्या होतात आणि फेऱ्यांचा आकडा जवळजवळ तिथेच राहतो. टॅकोमीटर ७,००० दाखवतो, आपण समाधानाने मान हलवतो. ओढ मात्र १४ टक्क्यांनी गेलेली असते. समुद्रकाठी जो प्रॉप १२ किलो ओढला असता तो इथे सव्वादहा ओढतो. त्यात पंखांनाही विरळ हवेत जास्त वेग लागतो, साधारण आठ टक्के. दोन्ही गोष्टी एकमेकींवर चढतात आणि तिथे ३० पावलांत उडणारं विमान इथे ४० पावलं मागतं. धावपट्टीच्या टोकाला बाभळीची रांग असेल तर ही दहा पावलं फार महाग पडतात.

यावर मोठं इंजिन हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो, आणि तो सगळ्यांत महाग आहे. त्याआधी व्यास एक इंचाने वाढवून पिच दोन इंचांनी कमी करून बघा. वर सांगितलेला २२×१० चा २३×८. इंजिनावर जादा भार नाही, सुटतानाची ओढ वाढते, आणि वरचा वेग जो जातो तो शिकाऊ किंवा कबसारख्या विमानाला नकोच असतो. समोर गोल, रुंद तोंडाचं काउल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, असलेलं विमान असेल तर मोठ्या व्यासाची गरज आणखीच असते. प्रॉपचा मधला भाग काउलला फुंकर घालण्यातच वाया जातो, काम पात्यांचा बाहेरचा भाग करतो. आणि इंजिन नवंकोरं असेल तर पहिल्या टाक्या यादीतल्या सर्वांत लहान प्रॉपवर काढा. रिंग बसलेली नसताना मोठा प्रॉप लावून इंजिन कण्हायला लावू नका. कार्बोरेटरची सुई प्रॉप बदलल्यावर आणि ऋतू बदलल्यावर पुन्हा लावायची असते, हे वेगळं सांगायला नको.   

बॅटरीवाल्यांचं गणित बरोबर उलटं आहे आणि तिथे नुकसान पैशांत होतं. विजेच्या मोटरला हवा दाट की विरळ याच्याशी घेणंदेणं नसतं. ती व्होल्टेजच्या हिशेबाने फिरत राहते. मेमध्ये प्रॉप हलका फिरतो, करंट कमी जातो. तुम्ही वॉटमीटर लावून बघता, ८० अँपिअरच्या ईएससीवर (मोटरच्या स्पीड कंट्रोलरवर) ७६ दिसतात आणि तुम्ही खूश होता. डिसेंबरच्या पहाटे हाच प्रॉप, हीच बॅटरी, आणि मीटरवर ८३. ईएससी त्याच्या मर्यादेबाहेर. पूर्ण थ्रॉटलला लांब चढ घेताना ती गेली, तर विमान शेंगांच्या रानात शोधावं लागतं.

हाच प्रकार स्पर्धेला जाणाऱ्या पोरांच्या बाबतीत होऊ शकतो. एसएई इंडियाच्या एअरो डिझाइन स्पर्धेसाठी चेन्नईला जाणाऱ्या संघांनी हे नीट ऐकावं. तुम्ही चाचण्या लातूरला पठारावर करता आणि उडवता समुद्रकाठी. तिथे ३० अंशांना हवा इथल्या मेच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के दाट असते. वजन उचलायला ती चांगली, पण करंटही त्याच प्रमाणात चढणार. इथे मर्यादेला टेकवून निवडलेला प्रॉप तिथे मर्यादा ओलांडतो. तेव्हा एक इंच कमी व्यासाचा दुसरा प्रॉप, बॅलन्स करून, खोक्यात असूच द्या आणि तिथल्या मैदानात पहिलं काम वॉटमीटर लावण्याचं करा. नांदेड लातूरपेक्षा बऱ्यापैकी खाली, गोदाकाठी आहे, त्यामुळे विष्णुपुरीच्या पोरांना हा फरक थोडा कमी पडेल, पण पडेलच.

माझं म्हणणं थोडक्यात असं. बॅटरीवाल्याने प्रॉप डिसेंबरच्या पहाटे तपासावा, पेट्रोलवाल्याने मेच्या दुपारी. ज्याची अडचण ज्या हवेत येते त्या हवेत त्याने माप घ्यावं. बॅटरीवाल्याने मेमध्ये उष्णतेकडेही बघावं, कारण करंट कमी असला तरी हवाच ४० अंशांची असते. उतरल्याबरोबर थ्रॉटल लॉक करून, बॅटरीचा प्लग काढून, मोटरवर हात ठेवा. पाच सेकंद ठेवता आला नाही तर प्रॉप लहान करा.

मापाची साधनं फार नाहीत. पेट्रोलवाल्याला टॅकोमीटर आणि टांगता काटा, बॅटरीवाल्याला त्यात वॉटमीटरची भर. टॅकोमीटर बरोबर आहे की नाही हे घरीच कळतं. दोन पात्यांच्या खुणेवर ठेवून जुन्या, चोकवाल्या ट्यूबलाइटकडे धरा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, ट्यूब १०० वेळा लुकलुकते, म्हणून टॅकोमीटरवर ३,००० यायला हवेत. एलईडीसमोर धरून उपयोग नाही. टांगता डिजिटल काटा लातूरच्या गंजगोलाईत मिळतो, मार्केट यार्डात तर पावलोपावली. विमानाची शेपटी दोरीने काट्याला आणि काटा पक्क्या खुंटीला बांधा. खुंटी म्हणजे मित्राचा हात नव्हे. जमिनीचं घर्षण कमी राहावं म्हणून चाकांखाली फळी टाका, इंजिन गरम झाल्यावर पूर्ण थ्रॉटलला दहा सेकंद द्या आणि आकडा वाचा. शिकाऊ विमानाला वजनाच्या निम्म्याहून बरीच जास्त ओढ हवी. खेळ करणाऱ्यांना वजनापेक्षा जास्त. एकाच इंजिनाला तीन प्रॉप लावून तीन आकडे घेतलेत की इतरांना विचारायची गरज उरत नाही. तीन लाकडी प्रॉपचे पैसे जास्त वाटतात, पण एका मोडलेल्या विमानाच्या बाल्सापेक्षा कमी.

फेऱ्यांना वरची मर्यादाही असते. ती प्रॉप करणारा ठरवतो. एपीसी कंपनी सरळ हिशेब देते. तिच्या विजेच्या पातळ प्रॉपसाठी १,५०,००० ला व्यासाच्या इंचांनी भागा, म्हणजे १८ इंचीला मिनिटाला ८,३३३ फेरे. स्लो फ्लायर जातीचा असेल तर फक्त ६५,०००. स्लो फ्लायर प्रॉप जोरकस मोटरला लावणं म्हणजे तुकडे उडायची वाट बघणं. पेट्रोल इंजिनाचे धक्के वेगळे असतात, त्यासाठी ‘पेट्रोलला चालेल’ असं ज्याच्यावर कंपनीने म्हटलंय तोच घ्या.

लाकूड की कार्बन? झोअरचे लाकडी प्रॉप चांगले, मेझलिकचे कार्बन प्रॉप उत्तम, आणि कार्बनची किंमत लाकडाच्या कित्येक पट. तुम्ही नवशिके असाल तर लाकूडच घ्या, असं मी आग्रहाने म्हणेन, आणि कारण पैशांचं नाही. आपलं रान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात चाक रुतलं की विमान नाक टेकतं. लाकूड मोडतं आणि इंजिन वाचतं. कार्बन मोडत नाही आणि धक्का क्रँकशाफ्टला जातो. तीन पात्यांचा प्रॉप खऱ्या विमानासारखा दिसतो म्हणून अनेकांना मोह होतो. शेपटी जमिनीवर टेकणाऱ्या, बुटक्या चाकांच्या विमानाला प्रॉप जमिनीपासून वर ठेवायला तो उपयोगीही पडतो. व्यास एक-दोन इंचांनी कमी करून लावा. बाकी ओढीच्या दृष्टीने दोन पाती बरी, आणि बॅलन्स करायलाही सोपी. विमान उडायच्या पवित्र्यात, शेपटी उचलून धरा आणि प्रॉपच्या टोकाखाली किती जागा राहते ते बघा. चार बोटं तरी राहायला हवीत. आमच्याकडच्या माळावर मी सहा म्हणेन.

लाकडी प्रॉपचं एक दुखणं मराठवाड्यात जास्त आहे. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत आकसतं. श्रावणात घट्ट आवळलेले बोल्ट मेपर्यंत सैल झालेले असतात, कोणी हात लावलेला नसताना. नवा प्रॉप पहिल्या उड्डाणानंतर, आणि त्यानंतर दर ऋतूला, चारही बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने तपासा. पुढची धातूची चकती वगळून नुसत्या बोल्टांवर लाकूड आवळू नका. भोकं पाडायला जिग वापरा. अंदाजाने ड्रिल मारलेला प्रॉप अर्ध्या मिलिमीटरनेही बाजूला सरकला की सगळं विमान थरथरतं, सर्वोचे स्क्रू सुटतात, रिसीव्हरच्या तारा तुटतात, आणि दोष रेडिओला जातो. बॅलन्सिंगसाठी जड पातं किंचित घासा किंवा हलक्या पात्याला वार्निशचा हात द्या. पुढची धार घासू नका, तिच्यावरच सगळं अवलंबून आहे. मग विमानाशेजारी एक काडी रोवा, इग्निशन बंद ठेवून प्रॉप हाताने हळू फिरवा. दोन्ही टोकं काडीसमोरून एकाच जागेवरून गेली पाहिजेत, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या आत.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हे न वाचता पुढे जाणाऱ्यांनी परत वर येऊन वाचावं. २२ इंची प्रॉपचं टोक ७,००० फेऱ्यांना सेकंदाला २०५ मीटर धावतं. ताशी सातशे किलोमीटरच्या पुढे. त्यातून जे पातं सुटतं ते पुढे किंवा मागे जात नाही, फिरण्याच्या रेषेत बाजूला जातं. गावाकडे विमान काढलं की लेकरं गोळा होतात आणि ती नेमकी बाजूलाच उभी राहतात, कारण तिथून प्रॉप छान दिसतो. इंजिन चालू करायच्या आधी सगळ्यांना विमानाच्या मागे, लांब, आणा. घरातली माणसं, पाहुणे, सरपंच, सगळे मागे. कोणी नाराज झालं तरी चालेल. तुम्हीही सुई लावताना हात पुढून, प्रॉपवरून घालू नका. मागे येऊन, मागून लावा.

आजची इंजिनं इलेक्ट्रॉनिक इग्निशनची. हाताने हलकेच फिरवलं तरी ठिणगी पडते आणि इंजिन पकडतं. म्हणून इग्निशनचा स्विच बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय प्रॉपला बोटही नाही. चालू करताना जाड चामडी हातमोजा घाला किंवा काठी वापरा, शेपटी दुसऱ्या माणसाने धरलेली असावी, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या आणि गळ्यातली ओळखपत्राची दोरी खिशात. कॉलेजच्या पोरांनो, ती दोरी विशेष करून. रिसीव्हरचा फेलसेफ थ्रॉटल बंदवर लावा आणि एकदा रेडिओ मुद्दाम बंद करून खरंच इंजिन थांबतं का ते बघा, विमान बांधलेलं असताना. बॅटरीचं विमान जास्त फसवं असतं, कारण ते गप्प असतं. प्लग जोडला की ते भरलेल्या बंदुकीसारखं समजा. प्रॉपच्या टोकांना पिवळा किंवा पांढरा पट्टा द्या, म्हणजे फिरताना कडी दिसते. दोन्ही पात्यांना सारखाच रंग, नाहीतर बॅलन्स पुन्हा करावा लागेल.

चीर गेलेला, टवका उडालेला प्रॉप फेव्हिक्विकने जोडू नका. तो करवतीने मधोमध कापा आणि मगच टाका, नाहीतर कोणाचा तरी पुतण्या तो उचलून नेतो आणि आपल्या विमानाला लावतो.

उडवायच्या जागेबद्दल थोडंसं. ड्रोन नियम २०२१ मध्ये आपल्या विमानांचा समावेश होतो. शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं, २५ किलोपर्यंतचं विमान तिथे मॉडेल म्हणून धरलंय आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण हवाई हद्दीचे नियम लागतातच. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, आठ ते बारा किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मुभा आहे, त्यापलीकडच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फूट. लातूरच्या विमानतळावर रोजची प्रवासी विमानं दिसत नाहीत म्हणून ते नाहीच, असं मनाने ठरवू नका. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपलं शेत शोधा. नोंदणीचे नियमही बघा. शेजारच्या रानात जनावरं बांधलेली असतील तर मोठ्या व्यासाचा, कमी फेऱ्यांचा प्रॉप लावा. टोकाचा वेग कमी झाला की कर्कश आवाज पुष्कळ उतरतो, आणि शेजारी पुढच्या रविवारीही रान देतो.

शेवटचं एक आवाहन, आणि त्यासाठी हा सगळा खटाटोप. आपल्या पठारासाठी प्रॉपची मापं कोणी छापलेली नाहीत, कोणी छापणारही नाही. पण आपण दहा-वीस जण मापं घेऊन एका वहीत लिहू शकतो. लातूरच्या आणि नांदेडच्या कॉलेजांनी एकेक वही ठेवावी, बाहेरच्या हौशींनाही तिच्यात लिहू द्यावं. नोंद अशी असावी: तारीख, वेळ, गाव, सावलीतलं तापमान, विमानाचं वजन, इंजिन किंवा मोटर, बॅटरी असल्यास तिचे सेल, प्रॉपची कंपनी आणि माप, जमिनीवरचे पूर्ण थ्रॉटलचे फेरे, काट्यावरची ओढ, करंट, आणि किती पावलांत चाकं सुटली. प्रॉप कोणाच्या हातून मोडला हे लिहायची गरज नाही. कोणत्या फेऱ्यांवर मोडला, ते मात्र लिहा.